इन्नू स्वल्प

उद्यमबागेत, फाउंड्रीच्या पाठीला पाठ लावून
आमचं शेड.
पलीकडे लोखंड ओततात,
अलीकडे आम्ही पांढरं सोलतो.
डेल्रिन, नायलॉन, कधी तो तपकिरी पीक
ज्याच्या हातभर सळीत
माझा महिन्याचा पगार मावतो.

भरमाण्णांची हयात बिडात गेली.
पहिल्या दिवशी म्हणाले,
"हे काय काम गे? मुळा किसायलीस काय?"
आणि मी काढलेला बुश उचलून मोजला
बिडाच्या सवयीनं, मुठीत जोर आणून.
मायक्रोमीटर म्हणाला, चार पूर्णांक वीस.
मी हलकेच लावला,
रॅचेटची टिकटिक तीनदा ऐकून थांबले.
चार पूर्णांक तेवीस.
भरमाण्णा चहा येईपर्यंत बोलले नाहीत.

लोखंड दाबलं तरी माप सोडत नाही.
हे सोडतं.
मोजणाऱ्याच्या बोटांकडे बघून
त्याला हवं ते सांगतं,
बोटं निघाली
की आपल्या अंगावर परत येतं.

येळ्ळूरला, मी नववीत असताना,
गणतीवाला ओट्यावर बसला होता.
घरात काय बोलता?
आईनं त्याच्या पेनाकडे पाहिलं, मग बाबांकडे.
काय लिहून गेला आठवत नाही.
पेनाचा दाब आठवतो,
खालच्या तीन कागदांवर उमटलेला.

ड्रॉइंगवर भागाचं नाव नसतं. नंबर असतो.
अकरा नग.
अधिक शून्य, उणे दोन शतांश.
कशात बसणार, विचारायचं नाही.
इरण्णा म्हणतो, रक्त तपासायचं यंत्र असेल.
कधी म्हणतो, बंगळूरचा कुणी पोरगा
कॅमेरा बांधत असेल गच्चीवर.
आमच्यात सूत म्हणजे
खानापूरपर्यंतचं अंतर.

जबड्यात आवळलं तर गोल राहत नाही,
म्हणून कोलेट, तोही जेमतेम.
टूल नवं, वस्तऱ्यासारखं.
पाणी नको, नुसती हवा.
छिलका तुटत नाही,
लांब फीत होऊन जॉबलाच गुंडाळतो,
मी अगरबत्तीच्या काडीनं सोडवते.
आणि श्रावणात नायलॉन हवा पितो:
सोमवारी पास झालेला नग
गुरुवारी अंगानं भरलेला.
तेव्हापासून नग
तांदळाच्या डब्यात ठेवते,
घरचा डबा, झाकणावर आजोळचं नाव कोरलेलं.

शेवटच्या कटला इरण्णा मागे येऊन उभा राहतो.
"इन्नू स्वल्प."
मी डायल हलवते,
हलवते म्हणण्याइतकीही नाही.
"इन्नू स्वल्प."
श्वास.
"साकु."
या दोन शब्दांच्या मधे किती शतांश असतात
हे माझ्या मनगटाला कळतं.
मी त्यांचं मराठी कधी केलं नाही,
गरजच पडली नाही.
परवा आमटीत मीठ टाकताना आईनं विचारलं, पुरे?
साकु, म्हटलं मी.
ती चमचा तसाच धरून
क्षणभर थांबली, मग झाकण ठेवलं.

आता भरमाण्णाही प्लास्टिक मोजतात
दोन बोटांनी,
लेकराला ताप आहे का बघावं तसं.
रॅचेट त्यांच्या कानाजवळ वाजतं.
आकडा सांगायच्या आधी
ते एकदा नग सोडतात,
पुन्हा धरतात.

अकरातले दहा गेले.
अकरावा एका शतांशानं कमी,
माझीच घाई, जेवायची सुट्टी जवळ आली होती.
इरण्णानं लाल पेनाचा ठिपका दिला
नि ट्रेमध्ये टाकला.
दुपारी ट्रे रिकामा.

सोमवारी भरमाण्णा चष्मा लावायला वाकले
तेव्हा दिसला,
चष्म्याच्या दोरीत ओवलेला,
लाल ठिपका मानेकडे.
दोरी घट्ट करायला
त्यांनी तो जरासा वर सरकवला.
अजून जरासा.